गुरजिएफ कोण होता, आणि त्याचं सेल्फ-रिमेंबरिंग म्हणजे आपला साक्षीभावच का?

तुमचे प्रश्न तीन आहेत पण ते एकमेकांत गुंतलेत. ओशोंच्या प्रवचनांत गुरजिएफचं नाव सारखं येतं तर हा माणूस नक्की कोण, खरा गुरू की भोंदू. दुसरं, तो सेल्फ-रिमेंबरिंग म्हणतो, म्हणजे काही करताना स्वतःचंही भान ठेवणं, तो आपला साक्षीभावच नाही का, मग तिकडे कशाला जायचं. आणि तिसरं, घरच्या घरी करता येतं का. मी बावीस वर्षं त्याच्या शिकवणीच्या ह्या कामात आहे, गुरू वगैरे अजिबात नाही, मूळची कथक शिकलेली आणि शिकवणारी बाई, पुण्यात पहिल्यांदा त्याच्या मूव्हमेंट्स, म्हणजे ओळीत उभं राहून करायचे त्याने बांधलेले नाच, केल्या आणि मग काही वर्षं बाहेरच्या एका ग्रुपमध्ये होते. त्यामुळे पुस्तकी कमी आणि अंगावर आलेलं जास्त असं सांगते.

आधी माणूस. ह्याची जन्मतारीखच पक्की नाही, कोणी १८६६ धरतं, कोणी १८७२, कोणी १८७७, आणि त्याने स्वतः ती नीट सांगायची तसदी घेतली नाही. गाव अलेक्झांड्रोपोल, म्हणजे आजच्या आर्मेनियातलं ग्युमरी, तेव्हा रशियन साम्राज्यात. वडील ग्रीक, आई आर्मेनियन. वडिलांकडे गुरांचा मोठा कळप होता तो रोगाने मेला, मग लाकडाचा धंदा, मग शेवटी सुतारकाम. पण वडिलांची खरी ओळख वेगळी, ते अशोख होते, म्हणजे आपल्याकडे शाहीर किंवा गोंधळी रात्र रात्र आख्यान लावतो ना तसे, सगळं तोंडपाठ. गुरजिएफ लिहितो की लहानपणी वडिलांकडून गिल्गामेश ह्या प्राचीन राजाची गाणी ऐकली होती आणि खूप वर्षांनी मासिकात वाचलं की बाबिलोनच्या उत्खननात विटांवर कोरलेलं तेच काव्य सापडलंय. आणि त्याला धक्का बसला की लिहिलेलं मातीखाली गेलं तरी तोंडी परंपरेने हजारो वर्षं सांभाळलं. त्याच्या पुढच्या सगळ्या शोधाचं मूळ मला तरी इथे दिसतं. जुन्या ज्ञानाचे तुकडे कुठेतरी जिवंत माणसांत शिल्लक असणार, हा विश्वास त्याला पुस्तकातून नाही, बापाच्या तोंडून मिळाला.

पुढे घर कार्सला गेलं. तिथे तुर्क, आर्मेनियन, ग्रीक, रशियन, कुर्द, यझिदी सगळे एका बाजारात. त्याने एक प्रसंग सांगितलाय, पोरांनी एका यझिदी, म्हणजे तिकडच्या एका वेगळ्या धर्माच्या लहानशा समाजातल्या, मुलाभोवती जमिनीवर वर्तुळ आखलं आणि त्या मुलाला बाहेर पडताच येईना, रडतोय पण पाऊल उचलत नाहीये, कोणी रेघ पुसली तेव्हाच सुटला. आपण वाचून म्हणतो बिचारा, अंधश्रद्धा. पण आपल्याभोवती कोणी खडूने आखलेली नसते म्हणून काय झालं, सासरच्या माणसाचा फोन वाजला की माझा आवाज आपोआप बदलतो ती रेघच आहे की.

त्यानंतरची साधारण वीस वर्षं म्हणजे धुकं. इजिप्त, मक्का, तिबेट, मध्य आशिया, सार्मुंग नावाचा गुप्त मठ, हे सगळं फक्त त्याच्या सांगण्यावरून, बाहेरचा पुरावा जवळपास नाही. माझं मत विचाराल तर तो भाग प्रवासवर्णन म्हणून वाचू नका, आख्यान म्हणून वाचा, शेवटी अशोखाचाच मुलगा तो.

साधारण १९१२ पासून मात्र तो मॉस्कोत दिसतो आणि तिथून पुढे साक्षीदार भरपूर आहेत. त्यातला मोठा ऑस्पेन्स्की. गंमत बघा, हा पत्रकार-लेखक माणूस कुठेतरी खरी शाळा मिळेल म्हणून इजिप्त, सिलोन, भारत फिरून आला, अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीतही जाऊन आला, हाती काही लागलं नाही, आणि १९१५ मध्ये आपल्याच देशात, मॉस्कोत एका साध्या गोंगाटाच्या कॅफेत त्याला काळ्या मिशांचा हा माणूस भेटला. आपल्याकडचे किती लोक उलट दिशेने हेच करतात!

मग रशियात क्रांती झाली. १९१८ मध्ये कॉकेशसमध्ये एकीकडे क्रांतीवाल्यांचं लाल सैन्य एकीकडे त्यांच्या विरोधकांचं पांढरं, आणि मध्ये हा आपली माणसं घेऊन अडकलेला. त्याने काय केलं तर स्थानिक सोव्हिएतकडे, म्हणजे क्रांतीवाल्यांच्या सरकारी समितीकडे, अर्ज केला की आम्ही शास्त्रीय मोहीम काढतोय, डोंगरात सोनं आणि प्राचीन दगडी थडगी शोधणार. सरकारने मान्यता दिली, सामान दिलं, रेल्वेचे डबेसुद्धा दिले. असे ते डोंगर ओलांडून सोचीला पोचले, वाटेत दोन्ही बाजूंच्या चौक्या पार करत. त्यात संगीतकार थॉमस द हार्टमान आणि त्याची बायको होती, पीटर्सबर्गच्या उच्चभ्रू घरातली माणसं, ती पाठीवर ओझी घेऊन चालत होती. पुढे तिफ्लिस, कॉन्स्टँटिनोपल, बर्लिन असं करत ऑक्टोबर १९२२ मध्ये पॅरिसजवळ फॉन्तेनब्लोला प्रिउरे नावाचा मोठा जुना वाडा घेतला आणि तिथे त्याची संस्था उभी राहिली, नाव भारदस्त, माणसाच्या सुसंवादी विकासाची संस्था.

तिथे चालायचं काय तर दिवसभर मजुरी. लंडनचे संपादक, डॉक्टर लोक येऊन खड्डे खणायचे, गायी-डुकरं बघायचे, आणि रात्री विमानाच्या जुन्या हँगरच्या सांगाड्यातून बांधलेल्या, गालिचे अंथरलेल्या हॉलमध्ये मूव्हमेंट्स. कॅथरिन मॅन्सफिल्ड ही कथालेखिका तिथेच ९ जानेवारी १९२३ ला वारली, वय चौतीस, आणि तेव्हापासून ह्याच्यावर शिक्का बसला की ह्याने तिला मारलं. तिला क्षय होता, शेवटच्या टप्प्यातला, ती आली तेव्हाच डॉक्टरांकडे काही उपाय उरला नव्हता. गायींच्या श्वासाने बरं वाटेल म्हणून गोठ्याच्या वर तिच्यासाठी रंगवलेला माळा केला होता. थंड वाड्यात ठेवलं हे चुकलं असेल, पण मारलं म्हणणं हा अन्याय आहे.

जुलै १९२४ मध्ये त्याच्या गाडीला भयंकर अपघात झाला, मरता मरता वाचला (गाडी तो भन्नाट वाईट चालवायचा ह्यावर सगळ्यांचं एकमत), आणि बरा झाल्यावर बऱ्याच जणांना घालवून दिलं आणि लिहायला बसला. १९३२ मध्ये पैशांअभावी प्रिउरे बंद. शेवटची वर्षं पॅरिसच्या एका लहानशा फ्लॅटमध्ये, रू दे कोलोनेल रनार वर. जर्मन ताब्याच्या काळात बाहेर लोकांना खायला नाही आणि ह्याच्या कोठीच्या खोलीत सॉसेज टांगलेले, सुकी मासळी, मसाले, आणि गल्लीतल्या गरिबांना, म्हाताऱ्यांना तो वाटायचा, रोज टेबलाभोवती दाटीवाटीने माणसं जेवायला. जेवताना इडियट्सच्या नावाने पेला उचलून टोस्ट, साधा इडियट, महाइडियट, आशा नसलेला इडियट अशा एकवीस पायऱ्या, आणि तुम्ही कुठला ते तुम्हीच ओळखायचं. २९ ऑक्टोबर १९४९ ला गेला. त्याच्या शिकवणीला आज आम्ही नुसतं काम म्हणतो, ते पुढे नेलं जीन द साल्झमान ह्या बाईंनी, १९९० पर्यंत, शंभरी ओलांडून.

आता तुमचा खरा प्रश्न, साक्षीभाव. तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे, मीसुद्धा आठ-दहा वर्षं असंच समजून चालले होते की हे आपलंच आहे, फक्त रशियन कोटात. मग एकदा त्याचं घोडागाडीचं उदाहरण नीट वाचलं आणि डोकं सरकलं.

कठोपनिषदातला रथ आपल्याला माहीत असतो. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं घोडे, आणि आत्मा रथाचा स्वामी, तो आत बसलेलाच आहे. गुरजिएफच्या उदाहरणात गाडी म्हणजे शरीर, घोडा म्हणजे भावना, गाडीवान म्हणजे डोकं. इथवर जुळतं. पण त्याची गाडी भाड्याची आहे, वर्षानुवर्षं तेलपाणी नाही, घोड्याला कोणी कधी शिकवलं नाही नुसतं मारलं, गाडीवान गुत्त्यात पडलेला, आणि मालक? मालक नाहीच. रस्त्यावरचा जो येईल तो मी म्हणून बसतो, दोन चौक पुढे नेतो, उतरतो, दुसरा चढतो. सकाळी पाचला उठायचं ठरवणारा मी वेगळा, अलार्म बंद करणारा वेगळा, आणि आठ वाजता स्वतःला शिव्या घालणारा तिसराच, आणि तिघांची एकमेकांशी ओळख नाही.

हा फरक लहान नाहीये. आपल्याकडे बहुतेक परंपरा सांगतात की साक्षी आहेच, नित्य आहे, फक्त झाकलं गेलंय ते ओळखा. गुरजिएफ म्हणतो बाबा रे तुझ्यात असा कोणी कायमचा नाहीये, व्हायची शक्यता आहे, आणि ती शक्यता कष्टाने कमवावी लागते नाहीतर माणूस कुत्र्यासारखा मरतो. वेदान्त्याला हे कानात शिसं ओतल्यासारखं वाटतं, मान्य आहे. तत्त्वज्ञान म्हणून कोण बरोबर ह्यात मी पडत नाही. पण प्रॅक्टिसवर परिणाम काय होतो ते बघा. साक्षी आहेच असं मानून मी बसायचे तेव्हा बसल्या बसल्या मी एक मस्त शांत साक्षी कल्पनेने तयार करायचे, तो वरून बघायचा, आणि घरी जाऊन मी मुलीवर तेवढीच ओरडायचे. तो साक्षी म्हणजे गाडीत चढलेला आणखी एक प्रवासी, जरा बऱ्या कपड्यातला, बस्स.

सेल्फ-रिमेंबरिंगमध्ये वरून बघायचं नसतं. ऑस्पेन्स्कीने त्याला दोन टोकांचा बाण म्हटलंय, लक्षाचं एक टोक समोरच्या वस्तूवर आणि त्याच क्षणी दुसरं टोक स्वतःवर. म्हणजे मी भांडं घासतेय तर भांडंही आहे आणि घासणारी मीही आहे, तळपायाखालची फरशी, खांद्यातला ताण, सगळ्यासकट. अलिप्त होणं नाही, उलट जास्त हजर होणं. आणि हे टिकत नाही, ही पहिली खरी शिकवण. ऑस्पेन्स्कीनेच लिहिलंय, पीटर्सबर्गच्या रस्त्यावर चालताना प्रयत्न करत होता, छान जमलं, मग सिगारेटची ऑर्डर द्यायची आठवली म्हणून तंबाखूच्या दुकानात शिरला आणि जागा झाला तो थेट दोन तासांनी, शहराच्या दुसऱ्या भागात, घोडागाडीत. मधे तो दुकानात बोलला, घरी गेला, फोन केले, कामं उरकली, सगळं व्यवस्थित, फक्त तो तिथे नव्हता. गुरजिएफ झोप म्हणतो ती ही. झोपेत माणूस बावळट दिसत नाही हो, उलट एकदम कार्यक्षम दिसतो.

मला हे डोक्याने नाही, पायाने कळलं. कथकवाल्याला आयुष्यभर एकच शिकवतात, घोटा, घोटा, इतकं घोटा की अंगात मुरलं पाहिजे. तत्कार, म्हणजे पायांचं काम, चालू आहे आणि मनात भाजीची यादी चालू आहे हे शक्य असतं, पंचवीस वर्षांनी तर अगदी आरामात शक्य असतं. पहिल्या मूव्हमेंटच्या वर्गात उभी राहिले, सहा-सहाच्या ओळी, पियानो, हात एका हिशोबात, पाय दुसऱ्या, डोकं तिसऱ्याच, वर तोंडाने मोजायचं. मला वाटलं, अरे हे तर आपलं, पढंत करत, म्हणजे तोंडाने बोल म्हणत, नाचलेली माणसं आपण. पाच मिनिटांत पार भुईसपाट. माझं अंग सोळा मात्रांची सम शोधत होतं आणि तिथे समच नाही, शेजारचे एक निवृत्त बँकवाले काका, आयुष्यात कधी न नाचलेले, माझ्यापेक्षा बरं करत होते. कारण त्यांना सवयीचा आधारच नव्हता. मूव्हमेंट्स मुद्दाम अशा बांधल्यात की शरीराला ती मुरवून घ्यायला वाव मिळू नये, जरा सोपी वाटायला लागली की शिकवणारा बदलतो. डोकं, भावना आणि शरीर ही तीन केंद्रं तो म्हणतो ना, त्यातलं एक जरी सुटलं तरी ओळीत लगेच दिसतं, तुम्हाला आणि बाकी सगळ्यांनाही. त्या दिवशी साधारण चार सेकंद तिन्ही एकत्र आली होती माझी. चार सेकंद म्हणून हसू नका, मला अजून आठवतात.

इथेच एक सांगून टाकते, हल्ली कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये एनिआग्राम आलंय, वर्तुळातल्या नऊ टोकांच्या आकृतीवरून माणसांचे स्वभाव सांगायचे, तू टाइप फोर, मी टाइप सेव्हन. ते गुरजिएफचं नाही. आकृती त्याने आणली खरी, पण माणसांचे नऊ प्रकार हे नंतर ऑस्कार इचाझो आणि क्लॉदिओ नारान्हो ह्यांनी बसवलं. त्याच्यासाठी ती आकृती म्हणजे कुठलीही प्रक्रिया कशी पुढे जाते आणि कुठे अडते त्याचा नकाशा, आतल्या रेघा १, ४, २, ८, ५, ७ अशा फिरतात, एकाला साताने भागलं की दशांशात जे आकडे फिरत राहतात तेच. वैश्विक भाग म्हणाल, तीनाचा नियम, साताचा नियम, चंद्राला आपण अन्न होतो वगैरे, त्यावर रात्री जागवता येतात, मी जागवल्यात, हाताला फार काही लागलं नाही.

आता भोंदूपणा. पैसे तो उघड मागायचा आणि श्रीमंत शिष्यांना कातरायच्या मेंढ्या म्हणायचा. शिष्यांपैकी काही बायकांपासून त्याला मुलं झाली. लोकांना तो जाणूनबुजून दुखवायचा. हे लपवून त्याचं देवघर करण्यात अर्थ नाही. ह्याच्या समोर मी एक गोष्ट ठेवते. फ्रिट्झ पीटर्स नावाचा अमेरिकन मुलगा अकरा वर्षांचा असल्यापासून प्रिउरेत वाढला, त्याने लिहून ठेवलंय. तिथे राखमिलेविच नावाचा एक रशियन म्हातारा होता, अतिशय किरकिऱ्या, सगळ्यांना नकोसा. पोरांनी छळून छळून शेवटी तो पळून गेला आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. तर गुरजिएफ स्वतः पॅरिसला गेला आणि त्याला समजावून, वर पैसे देऊन परत घेऊन आला. का, तर हा माणूस नसेल तर इथे कोणाला स्वतःचा राग दिसणार कसा. बाकीचे राहण्याचे पैसे देतात आणि ह्याला राहण्याचे पैसे मिळतात! ह्यात मला फसवणूक दिसत नाही, पद्धत दिसते. शेजाऱ्याचं किरकिरणं हेच तुमचं साधन, गुहेत जायची गरज नाही, म्हणूनच फकीर, संन्यासी, योगी ह्या तिघांना सोडून हा चौथा मार्ग, संसारात राहून.

पण हीच गोष्ट दुसऱ्या हातात गेली की विष होते. मी बाहेर होते त्या ग्रुपचा प्रमुख माणसांना चारचौघांत रडवायचा आणि म्हणायचा हे घर्षण आहे, तुमच्या भल्याचं. दोन वर्षं मीही मान खाली घालून ऐकलं. एकदा एक वयस्क बाई, नवरा नुकताच गेलेला, तिला त्याने तिच्या दुःखावरून टोमणा मारला आणि सगळा ग्रुप गप्प बसला, मी धरून. त्या संध्याकाळी मी स्वतःला बघितलं, आणि खरं सांगते, सेल्फ-रिमेंबरिंगचा इतका कडू घास आधी कधी घेतला नव्हता. मी पुन्हा गेले नाही. गुरजिएफ स्वतः सांगायचा की मी म्हणतो म्हणून काहीही मानू नका, करून पडताळा. त्या खोलीत पडताळायला परवानगी नव्हती. कुठल्याही ग्रुपला जाल तर प्रमुखाला प्रश्न विचारून बघा आणि तो चिडतो का बघा, आणि बाहेर पडलेल्या माणसांबद्दल तिथे कसं बोलतात तेही ऐका.

ओशोंबद्दल एवढंच की त्यांनी आपल्याकडे हे नाव घराघरांत पोचवलं, मी स्वतः तिकडूनच आले, पण ते गोष्ट रंगवून सांगायचे. म्हणून मूळ बघायचं तर ऑस्पेन्स्कीचं 'इन सर्च ऑफ द मिरॅक्युलस' हे पुस्तक वाचा, १९४९ मध्ये आलेलं, त्यात संभाषणं बऱ्यापैकी जशीच्या तशी आहेत. गुरजिएफचं स्वतःचं जाड पुस्तक, बीलझेबबच्या गोष्टी, बाराशेच्या वर पानांचं, मुद्दाम अवघड लिहिलंय, त्याने सुरुवात केलीत तर तिसऱ्या दिवशी ते उशाखाली जाईल.

घरी करता येतं का, तर थोडं येतं. मूव्हमेंट्स व्हिडिओ बघून करू नका, त्याला शिकवणारा आणि शेजारी माणसं लागतात. पण सकाळी खुर्चीत पाठ ताठ करून दहा मिनिटं बसा, चहाच्या आधी, आणि फक्त उजवा हात आतून जाणवतो का बघा, डोळ्यासमोर आणायचा नाही, जाणवायला हवा, जड, उबदार, जसा असेल तसा. मग उजवा पाय, डावा पाय, डावा हात. लक्ष पळालं की परत आणा, स्वतःला ओरडू नका. पंधरा दिवस एवढंच. मग दिवसातली एक जागा ठरवा, मी दार घेतलं होतं, घरातल्या कुठल्याही दारातून जाताना आपण दारातून जातोय हे पायासकट माहीत असलं पाहिजे. दिवसाला शंभर दारं होतात सहज. रात्री वहीत आकडा लिहायचा किती आठवली, खोटा लिहायचा नाही. माझ्या पहिल्या आठवड्याचा एकूण आकडा दोन होता, आणि त्यातलं एक दार लिफ्टचं, ते चालेल का ह्यावर मी स्वतःशी वाद घालत चौथ्या मजल्याऐवजी सहाव्यावर उतरले.